मधली पड

३ मे, रविवार. मुकुंदवाडी.

टेम्पो गेला. सकाळी नवा मालक आला, चावी घेतली, गेला. वळणावर त्यानं हॉर्न दिला. माझाच हॉर्न, तरी मी कोण आलं म्हणून मान वळवली. खोलीत आता गादी, पंखा अन् ही वही. ट्रिपा लिहायची वही. पुढची अर्धी कोरी आहे, ती काय फेकायची.

दुपारी मायचा फोन. आबा गेल्यापासून ती वस्तीवर एकटी असते. म्हणली, "कडूबा नाय म्हणतो रे यंदा नांगरायला."

कडूबा काका, आमच्या बांधाला बांध. मोठा ट्रॅक्टर त्यांचा, आमचा अडीच एकराचा तुकडा दरसाल तेच काढून देतात. म्हणलं, "काहून नाय म्हणतात?"

"येऊन इचार."

ठेवला तिनं. मायचा फोन असाच, वाक्य संपायच्या आधी ठेवायचा.

येऊन इचार. आबा कार्तिकात गेला, तेव्हापासून दोनदा गेलो. मातीला अन् दहाव्याला. दोन्ही वेळेला त्याच दिवशी परत.

स्टेशनवर जाऊन बसलो. एक माणूस पिंजऱ्यात तितर घेऊन बसला होता. त्याच्याशी बोलण्यात पॅसेंजर गेली. मला कुठं जायचं नव्हतंच म्हणा.


५ मे, मंगळवार. वस्ती.

आलो. देवगावला उतरून वस्तीपर्यंत चालत. उसाच्या रसवाल्याकडं थांबलो, त्याच्या चरख्याचा पट्टा निसटत होता, तो नीट करण्यात तासभर गेला. त्यानं दोन गिलास फुकट दिले. माय म्हणली, "सकाळची गाडी अन् आता येतो?"

क.का., म्हणजे कडूबा काका, बांधावरच भेटले. पायजमा वर खोचलेला, तोंडात काडी.

"आला का पाव्हणा! किती तासासाठी?"

म्हणलं, काका, नांगरट.

"हे बघ भागा. वर तुझा एक तुकडा, खाली एक, अन् मधी तुझ्या बापानं ठेवलेलं ते गवताचं बेट. माझं धूड वळतच नाय. नांगर उचल, मागं घे, पुन्हा टाक. चार बारी तुमचा बांध मोडला माझ्यानं. तुझा बाप कधी बोलला नाय, मलाच लाज वाटायची. ती पड मोडू दे मला. अर्ध्या दिवसात अख्खं रान सरळ काढून देतो, दरसाल देत जाईन. नायतर दुसरं पाह्य."

"पड नाय मोडायची, काका."

"काहून?"

त्यांनी काडी थुंकली. "मग बटईनं देऊन टाक कोणाला. मायला घेऊन जाय शहरात."

माय मागंच उभी होती. तिनं ऐकलं. आत जाऊन चूल फुंकायला लागली. पेटलेलीच होती चूल.


६ मे

सकाळी लवकर पडीवर गेलो. दहा गुंठे असंल, बांधापासून बांधापर्यंत आडवा पट्टा. वाळलेलं गवत कमरेएवढं. पंधरा वर्षं नांगराचं टोक लागलं नाय.

मधोमध गवत चपटलेलं. गोल गोल, एकाला एक लागून. मेंढरू रात्रभर बसून उठलं की राहतं ना, तसं. हात ठेवला. ऊब होती. ऊन अजून तिथवर आलं नव्हतं.

मायला सांगितलं. म्हणली, "कुत्री लोळतात."

गोल लोळतात, ओळीनं?

पडीच्या तोंडाशी दगडी डोणी आहे, जनावरांच्या पाण्याची. आमच्याकडं आता शेळीसुद्धा नाय. तरी माय रोज सकाळी दोन घागरी नेऊन डोणी भरते. आजही भरली. मी इचारलं नाय. तिच्याकडं न बघता बाजूनं गेलो. ती डोणी मला बघवत नाय.


८ मे. शहरात.

गेलो होतो मायच्या चष्म्याची काच बदलायला. काच राहिली. जालना रोडला अझहर भाई भेटला. जुने ट्रॅक्टर घेतो-विकतो. त्याचे पार्ट माझ्या टेम्पोतून लई वेळा आणलेत. त्याच्या आवारात कोपऱ्यात एक छोटा लाल ट्रॅक्टर उभा. अठरा एचपी. कपाशीच्या दोन ओळीत मावंल एवढा. मागं रोटा लावलेला, माती भुसभुशीत करायचा. खेळण्यासारखा दिसतो, पण चाकं नीट.

चढून बसलो. वळवून पाह्यला. आवारातल्या लिंबाला एक चक्कर मारली. जागच्या जागी वळतो लेकाचा!

अझहर भाई म्हणला, "छोटा है पर दिलवाला है मियाँ. कित्ती जमीन है तुमारी?"

"अडीच एकर."

हसला. "अडीच? उत्ते में तो मेरी सास का बगीचा है. नक्को लो. मैं बेचनेवाला हूँ, फिर बी बोल रा नक्को लो."

पण मी वळणच बघत होतो. एवढा छोटा ट्रॅ. असला तर वरचा तुकडा वेगळा, खालचा वेगळा, मधल्या पडीला चाक न लावता काढता येतो. कडूबा काका नकोत. बटई नको. माय तिथंच राहील.

पैशाचं नाय काही. टेम्पोचे आहेत.

म्हणला, "महीने के आखिर तक चला के देखो. फिर बोलो, रखना है के लाना है."


९ मे, शनिवार. वस्ती.

बसून काढलं. नांगरट, रोटा, दोन डवरण्या, पेरणी, कापूस उपटायला. सगळं धरून आमच्या रानात ट्रॅ. वर्षाला बारा-तेरा दिवस चालंल. बाकी साडेतीनशे दिवस उभा. भाड्यानं फिरवला तर ठीक, पण देवगावात छोट्याला कोण बोलवतो, सगळ्यांना एका दमात काढायचं असतं.

म्हणजे रानासाठी ट्रॅ. परवडत नाय. कोणालाही इचारा.

पडीसाठी परवडतो.

क.का.ला सांगितलं तर हसू आवरंना त्यांना. बायकोला हाक मारून बोलावलं. "अगं ऐक, भागा दहा गुंठे गवत राखायला ट्रॅक्टर घेतो म्हणे! लोक कुत्रं ठेवतात!" काकी पण हसली. मी पण हसलो. मग त्यांनी माझ्याकडं जरा बघितलं. म्हणले, "एकतीसला माझं लोकांचं सगळं उरकतं. रविवार आहे. त्या दिवशी ट्रॅक्टर तुझ्या बांधावर आणतो. मोडू दिली तर मोडली. नाय दिली तर यंदा मी मोकळा. मृगाआधी दुसरा कोण येईल असं वाटत नाय मला."


१२ मे

आज लिहून टाकतो. एकदाच.

आमच्याकडं मेंढरं होती. मी अकराचा. पाऊस ओढला होता, खालच्या तुकड्यातली ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबलेली, पिवळट. असल्या ज्वारीत विष असतं, मेंढरानं खाल्ली की किरळ लागते. आमच्यात पोरगं चालायला लागलं की दोन गोष्टी शिकवतात. एक, पाऊस ओढलेल्या ज्वारीत मेंढरू जाऊ द्यायचं नाय. दोन, गेलंच अन् किरळ लागली तर पाणी दावायचं नाय. पाणी पोटात गेलं की मग काहीच हाती राहत नाय.

त्या दिवशी आबा बाजाराला. मेंढरं माझ्याकडं. क.का.च्या रानात बोअरची गाडी आली होती. अख्खं गाव पाणी लागतं का बघायला जमलेलं. मी म्हणलं जरा बघून येतो. फुफाटा निघत होता नुसता, पांढरा, पिठासारखा. आता लागंल, आता लागंल. किती वेळ उभा राहिलो माहीत नाय. पाणी लागलंच नाय.

परत आलो तर मेंढरं ज्वारीत. काही खाली बसलेली, काही धापा टाकत, तोंडाला फेस. मला वाटलं तहानेनं. पहिली गोष्ट मोडली हे कळत होतं. दुसरी आठवलीच नाय. मी हाकत हाकत सगळी डोणीपाशी आणली. डोणी भरली. प्या म्हणलं. तोंडं धरून पाजलं काहींना.

माझ्या हातानं.

एकेक करून तिथंच. मेंढरू मरताना ओरडत नाय. खोकतं. माणसासारखं.

आबा परत यायच्या आत पळालो. मिळंल त्या जीपनं गंगापूरला मावशीकडं. पहिल्यांदा पळालो तेव्हा. नंतर सवयच झाली. चार महिन्यांनी मावसा सोडायला आला तर मधी हा पट्टा गवताचा झालेला. वर नांगरलेलं, खाली नांगरलेलं, मधी पड. कोणी सांगितलं नाय अन् मी इचारलं नाय. कळलं मला, खाली कोण आहे ते.

आबा बोलला नाय. मारलं नाय. उरलेली मेंढरं विकली अन् दुसऱ्यांच्या रानात जायला लागला. पंधरा वर्षात त्या दिवसाचं एक अक्षर काढलं नाय. एकदा जरी काढलं असतं तर


१५ मे, शुक्रवार

छोटा आणला. शहरातून वस्ती, माझा मीच चालवत. खुलताबादच्या चढावर मागं रांग लागली, एक ट्रकवाला ओरडला, "ढकलू का?" पाच तास लागले, त्यातला एक वेरूळपाशी माकडं बघण्यात.

माय बाहेर आली. चाकाला हात लावला, तोच हात कपाळाला लावला. हळद-कुंकू आणून बॉनेटला लावलं. म्हणलं, "अगं, आपला नाय अजून. बघायला आणलाय."

"मग? पाव्हण्याला लावत नाय का?"


१६ मे

वरचा तुकडा काढला. मस्त चालतो. टेम्पो पुढं पुढं जातो, ट्रॅ. जातो अन् परत येतो, जातो अन् परत येतो. मला वाटलं जीव उबगंल. नाय उबगला. मागं मातीचा वास, बगळे उतरलेले.

दुपारी पडीच्या कडेला वळताना इंजिन बंद केलं, पाणी प्यायला. शांत झालं की खोकला आला. पडीतून. एकदा. मग दुसरीकडून एक.

क.का. असतील म्हणून बघितलं. ते त्यांच्या आंब्याखाली झोपलेले, चांगले दूर, तोंडावर टॉवेल.

गवत हललं नाय. वाराच नव्हता.

इंजिन चालू केलं अन् संध्याकाळपर्यंत बंद केलं नाय. जेवायला पण चालूच ठेवलं. माय ओरडली डिझेल जळतं म्हणून.


१७ मे

सकाळी माय डोणी भरते. संध्याकाळी पाणी बोटभर खाली असतं. दगडावर ओली रेघ दिसते. तीन दिवस बघतोय.

"कोण पितं गं?"

"उन्हानं जातं."

ऊन आहे, हे खरं. त्रेचाळीस म्हणतात.


१९ मे

गेलो होतो पळून. लिहायला लाज वाटते. सकाळी देवगावला रोटाचे बोल्ट आणायला म्हणून निघालो, समोर गंगापूरची जीप भरत होती, एक सीट कमी. बसलो. मावशीकडं पोचेपर्यंत बोल्टाची यादी खिशात.

मावशीनं दार उघडलं, म्हणली, "काय मेलं आता?"

सहज म्हणली ती. तिची बोलायची पद्धतच तशी. मी दारातच उभा राहिलो. मग तिला कळलं अन् तिनं तोंडाला पदर लावला.

भाकर खाऊन परत. बोल्ट राहिले.


२० मे, बुधवार

क.का.कडंच गेलो बोल्टाला. त्यांच्या डब्यात सगळं असतं. डबा उपडा करून शोधत बसलो दोघं. त्यांना म्हणलं, काका, पडीचा हट्ट सोडा. तुम्हाला माहीत आहे तिथं काय आहे.

"काय आहे?"

"मेंढरं. आमची."

त्यांनी हातातला बोल्ट खाली ठेवला.

"तुला कोण म्हणलं?"

कोणी नाय म्हणलं.

"येडा का काय तू! रानात पुरतंय का कोणी? विषाची मेंढरं, डोणीपाशी? ओढ्यापलीकडं गायरानात नेली रे. म्या नेली, माझ्या ट्रॉलीत. दोन खेपा केल्या. एकेचाळीस. तुझा बाप ट्रॉलीत त्यांच्यात बसला व्हता. खाली उतर म्हणलं तर उतरला नाय."

मी एक बोल्ट उचलला, परत ठेवला.

"मग पड काहून ठेवली त्यानं?"

"मला काय ठावं. इचारलं एकदा. म्हणला, राहू दे. अन् ऐक, त्याच्याहून येडेपणा सांगतो. तुझा मामा दर उन्हाळ्यात मेंढरं घेऊन यायचा ना? लोक रानात मेंढरं बसवतात लेंडीखतासाठी, आज या तुकड्यात, उद्या त्या. तुझा बाप फक्त पडीत बसवायचा. जिथं पेरायचं तिथं नाय, जिथं काहीच उगवायचं नाय तिथं. पंधरा वर्षं! देवगावात तेवढी ताकदीची माती दुसरी नाय, अन् तिच्यात गवत."

उठताना म्हणले, "बोअर माझा व्हता. गाडी म्या बोलवली. तू एकटाच नाय आला बघायला, पण तुला आलेला म्या बघितला व्हता. पोरा, मेंढरं कुठं आहेत, असं म्हणायला पाहिजे व्हतं मला. तोंडावर आलं व्हतं. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, ओल लागली ओल लागली."

बोल्ट सापडला. वेगळ्या साइजचा.


२२ मे

पहार घेऊन पडीत गेलो, दुपारचा. चार ठिकाणी खणलं. हातभर काळी भुसभुशीत माती, चहापत्तीसारखी. हातात घेतली तर मेंढराचा वास. खाली पिवळा मुरूम, घट्ट, कोणी कधी हात न लावलेला. हाड नाय. काही नाय.

मला बरं वाटायला पाहिजे होतं.

तिथं कोणी नाय तर मग खोकतं कोण? गवतावर बसतं कोण? पुरलेलं असतं तर निदान एका जागी असतं. पंधरा वर्षं मी त्यांना एका जागी समजून लांब लांब राहत होतो, पुणे, वाळूज, नाशिकला हॉटेलात. आता ते कुठंही

खड्डे बुजवले. वर गवत अंथरलं, दिसू नये म्हणून. आबाला दिसू नये म्हणून, असंच आलं मनात. जणू तो येऊन बघणारे.


२३ मे, शनिवार

माय तांदूळ निवडत होती. म्हणलं, कडूबा काका म्हणले मेंढरं तिथं नायत.

"नायत."

"मला काहून नाय सांगितलं?"

"तू कधी इचारलं? तू घरात बसला का कधी इचारायला?"

खरं आहे.

"मग आबानं पड काहून ठेवली?"

"जागा लागते."

"कशाला?"

"बसायला."

"कोणाला बसायला, माय?"

ती निवडत राहिली. एक खडा काढला, बाजूला ठेवला. मग म्हणली, "तुझ्या आबानं तुला कधी बोल लावला?"

"नाय."

"मग?"

"तेच तर."

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. मग सूप उचलून आत गेली. आतून म्हणली, "म्हसूचा फोन आला व्हता. बुधवारी येतो मेंढरं घेऊन."

म्हसू म्हणजे माझा मामेभाऊ. मामा थकल्यावर कळप तोच वळतो.


२४ मे

अझहर भाईचा फोन. "दूसरा गिराइक आया है. अंगूरवाला है. तुमारा क्या?"

"एकतीसला सांगतो."

"सोच रै क्या इत्ता, शादी है क्या?"

खालचा तुकडा पण काढून झाला. दोन्ही तुकडे काळेभोर, मधी पिवळं गवत. लांबून बघितलं तर कोणीतरी भांग पाडल्यासारखं.

आता क.का.ची गरज नाय असं म्हणता येईल. यंदापुरतं. छोटा परत गेला तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच. ठेवला तर मला इथं राहावं लागंल, चालवायला. ती डोणी, तो खोकला, रोज. पड मोडली तर काहीच नको. काका दरसाल येतील, माय राहील, मी मोकळा. कुठंही.

एवढं सोपं आहे. मोडायची. खाली काही नाय, हे तर बघितलं मी.


२७ मे, बुधवार

म्हसू आला. धूळ लांबूनच दिसली. दोनशेच्या आसपास असतील, घोडं, दोन कुत्री. "भाग्या! जाडा झाला रे शहराचं खाऊन!" छोट्या ट्रॅ.भोवती फिरला, सायलेन्सरवर टिचकी मारली. "हे दूध किती देतं?"

माय त्याला बिलगली. भाच्यावर लई जीव तिचा.

मी आधीच सांगून टाकलं. "म्हसू, यंदा वरच्या तुकड्यात बसव. आत्ताच रोटा मारलाय, खत कामी येईल. पडीत नको. पड मोडायचीय रविवारी."

त्यानं मायकडं बघितलं.

"बरं," म्हणला.

संध्याकाळी वाघर लावली आम्ही दोघांनी, जाळ्याचं कुंपण, वरच्या तुकड्यात चौफेर. मेंढरं हाकली. पुढची म्हातारी मेंढी वाघरीच्या तोंडापर्यंत आली, थांबली, वळली, सरळ पडीत गेली. तिच्यामागं सगळी. हाकून पुन्हा आणली. पुन्हा तेच. कुत्र्यानं आडवलं तर कुत्र्याला वळसा घालून.

म्हसू हसत होता. "अरे, यांना काय सांगतो, दरसालची जागा हाये त्यांची. फुवा हात नुसता वर करायचे, ही आपोआप जायची." फुवा म्हणजे आबा.

वाघर उपटली, पडीत लावली. गवतात बसली मेंढरं. गोल गोल, एकाला एक लागून.

मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. आता खोकला आला तरी कोणाचा ते माहीत असंल.


२८ मे, गुरुवार

माय सकाळीच देवगावला गेली, दवाखान्यात, डोळे दाखवायला. काच मी आणली नव्हती ना. जाताना डोणी भरली नाय. रोज भरते, आजच नाय.

म्हसू वाघर गुंडाळत होता. मेंढरं डोणीपाशी जमली. रिकामी डोणी चाटत होती. म्हसू ओरडला, "भाग्या, पाणी दाव की रे! बघत काय बसला?"

पंधरा वर्षं मी जनावराला पाणी दाखवलं नाय. हॉटेलात होतो तेव्हा मालकाच्या कुत्र्याला पण दुसऱ्याला सांगायचो.

म्हणलं, "रात्री काय खाल्लं त्यांनी?"

"वाळलं गवत. तुझ्यासमोर."

"ज्वारीत नाय ना गेली कुठं? येताना?"

म्हसू थांबला. त्याला माहीत आहे सगळं, आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. हसला नाय तो. म्हणला, "मे महिना हाये भाऊ. ज्वारी कुठं उभी हाये? दाव तू. म्या हाये."

घागर उचलली. पहिली ओतताना निम्मं पाणी खाली सांडलं. प्यायली. तोंडं बुडवून, नाकातून फुरफुर करत. मी एकेकीकडं बघत होतो, आता बसंल, आता बसंल. दुसरी घागर. तिसरी. म्हसू बाजूला बसून तंबाखू मळत होता अन् माझ्याकडं बघत नव्हता, मुद्दाम.

एकही बसली नाय.

निघताना इचारलं, "म्हसू, किती आहेत रे एकूण?"

"आम्ही मोजत नाय. फुवा पण नाय मोजायचे. तोंडं बघायची." त्यानं कळपावरून नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अन् मधीच थांबला. पुन्हा फिरवली. कपाळाला आठी.

"काय? कमी आहे?"

"कमी नाय," म्हणला. अजून जरा बघत राहिला. मग कुत्र्याला शिट्टी मारली. "चल. ऊन व्हायला लागलं."

ओढ्यापर्यंत सोडायला गेलो. पलीकडं गायरान आहे. म्हसूनं कळप तिकडून नेला नाय, लांबच्या वाटेनं नेला.


३० मे

पुन्हा पुन्हा तेच येतं डोक्यात. जागा लागते बसायला.

आबानं मेलेल्यांसाठी ठेवली असंल तर मोडणं पाप. परत कधी आपलीच मेंढरं होतील म्हणून ठेवली असंल तर मी मेंढरं वळणारा नाय, मला दहा मिनिटं एका जागी नजर ठेवता येत नाय, ते सगळ्यात चांगलं त्यालाच माहीत होतं. का माझ्यासाठी ठेवली? पोरगं कधीतरी येऊन टेकंल म्हणून? तसं असंल तर बोलायचं होतं ना आबा. एक शब्द.

मायला इचारणार नाय. ती जे सांगंल ते मला इथं ठेवायला सांगते का खरं सांगते, कळायचं नाय. तिलाही कळत नसंल.


३१ मे, रविवार

सकाळी क.का. ट्रॅ. घेऊन आले. नांगर लावूनच. बांधावर उभा केला. त्याच्या शेजारी छोटा. हत्तीजवळ वासरू उभं असल्यासारखं.

"हं, बोल पुतण्या. मोडू का जाऊ?"

"काका, चहा घ्या आधी."

"चहा घेतो. पण बोल."

अझहर भाईचा पण फोन येऊन गेला. उचलला नाय.

काका मायपाशी ओट्यावर बसलेत. त्यांची चावी गाडीलाच आहे, माझी खिशात. मी डोणीपाशी दगडावर बसून हे लिहितोय. माय म्हणली पाणी तू भर आज, म्हणून पहाटे मीच भरलं, काठोकाठ. मेंढरं इथं नायत. म्हसू गुरुवारीच वैजापूरच्या अंगाला गेला.

काका हाक मारतायत. येतो म्हणलं.

आभाळ भरून आलंय सकाळपासून. ऊन नावाला नाय, वारा नाय.

पाणी बोटभर उतरलंय.